सोवळे वेगळे, स्वच्छता वेगळी

विहारात पंचशील ग्रहण करून बाहेर पडलेला एखादा तरुण कधी कधी रोखठोक विचारतो, "शुद्ध-अशुद्ध हे थोतांड आहे असे आपण म्हणतो. मग रोज स्नान करा, घर स्वच्छ ठेवा, व्यसन सोडा, हा उपदेश आपल्यालाच का? ज्यांनी आपल्याला घाणेरडे ठरवले, त्यांचेच म्हणणे आपण खरे मानायचे काय?" प्रश्न उर्मट नाही. त्याचे उत्तर दिल्याशिवाय नवदीक्षित कुटुंबात शील मुरणार नाही.

उत्तरासाठी नाशिककरांना दूर जावे लागत नाही. पंचवटीत काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या खंबीर साथीने हजारो स्त्री-पुरुष शिस्तीने तेथे उभे राहिले. दार उघडले नाही. त्या दारात कोणी कोणाचे हात पाहिले नाहीत, की कपडे पाहिले नाहीत. पाहिला तो फक्त जन्म. सत्याग्रही कितीही स्वच्छ असो, तो अपवित्रच. आणि आतला कितीही मळका असो, तो पवित्रच! म्हणजे सोवळ्याचा स्वच्छतेशी संबंध नव्हता. म्हणून तर याच जिल्ह्यातील येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

बंधू-भगिनींनो, पाण्याने पाप धुतले जाते ही समजूत फार जुनी आहे. थेरीगाथेत पुण्णिका नावाच्या दासीची कथा आहे. मालकिणीच्या धाकाने ती कडाक्याच्या थंडीत नदीवर पाणी भरायला जाई. तेथे एक ब्राह्मण कुडकुडत पापक्षालनासाठी स्नान करीत होता. पुण्णिकेने त्याला विचारले, की पाण्याने मुक्ती मिळत असेल तर मासे, कासवे, मगरी हे सारे आधीच स्वर्गाला गेले असतील, नाही का? आणि नदीने पाप वाहून नेले तर पुण्यही नेले असणार! ब्राह्मण निरुत्तर झाला. रामकुंडाच्या गावात राहणाऱ्यांनी ही कथा मुलांना अवश्य सांगावी.

मग स्नान का करावे? याचे उत्तर तथागतांच्या कृतीत आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्षू स्वतःच्याच घाणीत पडून होता. इतर भिक्षू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला आपल्या हातांनी धुतले आणि बिछान्यावर निजविले. सोवळ्याने जेथे दूर पळायला सांगितले असते, तेथे करुणा जवळ गेली. सोवळे माणसाला माणसापासून तोडते. स्वच्छता माणसाचे दुःख कमी करते. हाच दोहोंतील भेद.

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मृत मांस सोडा, स्वच्छ राहा असे सांगितले. पण त्याच महाडला त्यांनी २० मार्च रोजी चवदार तळ्याचे पाणीही घेतले. उपदेश आणि हक्क त्यांनी वेगळे केले नाहीत. पाण्यावाचून ठेवायचे आणि वर घाणेरडे म्हणायचे, हा दुहेरी अन्याय होता. शहर स्वच्छ ठेवणारे हातच अस्वच्छ ठरविले गेले. तेव्हा वस्तीत नळ आणि गटार मागणे हेही आरोग्याचेच काम आहे, आणि आलेल्या पाण्याने आपले घर निर्मळ ठेवणे हेही.

आता आपल्या घराकडे पाहू. भल्या पहाटे उठून पाणी कोण भरते? पांढरेशुभ्र कपडे घालून आपण वंदनेला जातो, ते कोण धुते? सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेसुरले कोण खाते? ही सारी कामे एकट्या बाईवर पडत असतील, तर आपल्या घरात अजून एक पुण्णिका राबते आहे. सर्वांनी एकत्र जेवावे, कामे वाटून घ्यावीत. ही सवयही धम्माचीच.

दारू न पिण्याची प्रतिज्ञा २२ प्रतिज्ञांत आहे, ती लोकांकडून चांगले म्हणवून घेण्यासाठी नव्हे. सिगालाला उपदेश करताना तथागतांनी मद्यपानाचे तोटे मोजून सांगितले: धनाचा नाश, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास. यात देवाच्या कोपाचा उल्लेख नाही. जे डोळ्यांना दिसते तेच सांगितले आहे. बिडी, तंबाखू, मशेरी यांनाही हाच हिशेब लावावा. मात्र व्यसनात अडकलेल्याला वाळीत टाकू नये. तो आजारी भिक्षूच आहे. त्याला डॉक्टरकडे न्यावे, सोबत बसावे, पुन्हा शील घ्यायला हात द्यावा.

मनाच्या स्वच्छतेसाठीही सवय लागते. राहुलाला तथागतांनी सांगितले, की आरशात तोंड पाहावे तसे प्रत्येक कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यावर तपासून पाहा. यापासून मला किंवा दुसऱ्याला दुःख होते काय? रात्री निजण्यापूर्वी दहा मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यावे आणि दिवसभराचे बोलणे-वागणे असे पाहावे. यास ना पैसा लागतो, ना पुरोहित.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत उषवदाताचा शिलालेख आहे. त्याने ३००० कार्षापणांची अक्षयनिवी ठेवली. त्यातील २००० विणकरांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा १ व्याजाने दिले. त्या व्याजातून वर्षावासातील २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणे मिळत. अट एकच, मुद्दलाला हात लावायचा नाही.

आपल्या कुटुंबाचे मुद्दल म्हणजे शील. रोजची लहानशी चांगली सवय हे त्याचे व्याज. त्यावर मुलांचे आरोग्य, शिक्षण आणि स्वाभिमान पोसला जातो. ते दाखवायला कोणाच्या दारात जायचे नाही. कोणी आपल्याला शुद्ध म्हणावे म्हणून नव्हे, तर आपल्या घरातले दुःख कमी व्हावे म्हणून हे मुद्दल जपू या.

जय भीम!