पानाचे सोंग

कलकत्त्याच्या चौरंगीवरील ज्या वास्तूला तेथील लोक कौतुकाने जादूघर म्हणतात, त्या भारतीय संग्रहालयाशी ज्याचे नाव निगडित झाले तो लायोनेल द निसेव्हिल हा मूळचा सरकारी कचेरीतला कारकून. दप्तर सांभाळून उरलेला सारा वेळ त्याने फुलपाखरांना वाहिला, आणि मार्शल या सहलेखकाच्या साह्याने आरंभिलेला हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन येथील फुलपाखरांवरचा त्रिखंडात्मक ग्रंथ १८९० पर्यंत तडीस नेला. शिरा, रंग, ठिपके यांची नोंद अशा चोख माणसाने करावी. परंतु पूर्व हिमालयाच्या दमट अरण्यातील कलिमा ही फुलपाखराची जात समोर आली की नोंद संपते आणि तत्त्वचिंतकाची पंचाईत सुरू होते.

कलिमेने पंख मिटले की पुढच्या पंखाचे टोक हे पानाचे अग्र, मागच्या पंखाची शेपटी हा फांदीला टेकलेला देठ, आणि दोहोंना सांधणारी काळसर रेघ ही मधली शीर होते. बुरशीचे डागसुद्धा जागच्या जागी असतात. पंख उघडले की मात्र आत गर्द निळाई आणि नारिंगी पट्टा. फुलांकडे ती फारशी फिरकत नाही; झाडाचा पाझरलेला रस आणि कुजकी फळे यांवर तिची गुजराण.

ही फसवणूक कोणाच्या खाती मांडावी? संकल्पावाचून असत्य संभवत नाही, तेव्हा कलिमा निर्दोष. मग दोष पाहणाऱ्याचा? शांकर वेदान्तात दोरीवर साप भासतो तो पाहणाऱ्याच्या अविद्येमुळे. दिवा आणला की भ्रम मावळतो. येथे मात्र भर उजेडात पक्षी फसतो, आणि त्याहून विलक्षण हे की, तो भ्रम पक्ष्यांनीच घडविलेला आहे: ज्यांचे सोंग कच्चे त्या चोचीत सापडल्या, ज्यांचे पक्के त्यांची प्रजा वाढली, आणि पिढ्यान्‌पिढ्या द्रष्ट्याच्या तीक्ष्ण नजरेनेच दृश्य तासले गेले. म्हणजे भ्रमाचे मूळ येथे अज्ञानात नसून पारखीत आहे! याला ईश्वराची लीला म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. फक्त त्या उत्तराने चौकशीची मिसल अकाली दाखल दफ्तर होते, एवढीच तक्रार.

पूर्व हिमालय ज्यांना दूर पडतो त्यांनी सह्याद्रीतील कारवीच्या रानात जावे. तिथे याच कुळातील, फिकट निळ्या पट्ट्याचे फुलपाखरू आढळते व त्याच्या अळ्या कारवीवर पोसतात. ते पाहून आल्यावर मग शांकरभाष्य पुन्हा एकदा उघडावे.