नुसतं बघायला काय जातं?

माझ्या लॅपटॉपवर एक स्प्रेडशीट आहे. तिच्यातल्या एका टॅबचं नाव ‘स्वालबार्ड’. तीन वर्षांपूर्वी उघडलेला हा टॅब. दर महिन्याला पगार झाला की त्यात एक आकडा वाढायचा. नॉर्वेच्या उत्तरेला, जिथे उन्हाळ्यात चार महिने सूर्य मावळत नाही, त्या बेटांवर एकदा जाऊन यायचं, एवढं साधं स्वप्न होतं. त्यातही एक जागा मनात पक्की होती: कोंग्सफ्योर्ड.

फ्योर्ड म्हणजे हिमनदीनं डोंगर कोरत नेलेली आणि मग समुद्रानं भरलेली खोल खाडी. कोंग्सफ्योर्ड स्पिट्सबर्गन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे, जवळजवळ 79 अंश उत्तरेला. तिच्या दक्षिण काठावर नी-ऑलेसुंड नावाचं छोटं गाव. पूर्वी इथे कोळशाच्या खाणी होत्या. 1962 मध्ये स्फोटात 21 कामगार गेले आणि पुढच्याच वर्षी खाणकाम कायमचं थांबलं. आता गावात राहतात ते शास्त्रज्ञ आणि त्यांची कामं चालू ठेवणारी माणसं. आपलं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्रही 2008 पासून इथेच आहे आणि त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो. म्हणजे जागा अगदीच परकी नाही.

या गावाच्या दोन गोष्टी मला फार आवडतात. पहिली, इथे घरांची दारं कुलूपबंद करत नाहीत. अचानक ध्रुवीय अस्वल समोर आलं तर कुणालाही जवळच्या दारातून आत शिरता यावं म्हणून. दुसरी, इथे फोन फ्लाइट मोडवर टाकावा लागतो. वायफाय बंद, ब्लूटूथ बंद, आणि हे फक्त गावात नाही, आसपासच्या 20 किलोमीटरच्या परिसरात. कारण गावाजवळच्या मोठ्या अँटेना अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या क्वेसारांकडून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकत असतात. त्या लहरींवरून पृथ्वी नेमकी कशी फिरतेय, किती डगमगतेय हे कळतं. ते कळलं नाही तर जीपीएसचं गणित हळूहळू बिघडत जाईल. तुमच्या नकाशावरचा निळा ठिपका बरोबर गल्लीत दिसावा म्हणून तिकडे माणसं आपापले फोन गप्प ठेवतात.

हे सगळं मी रूममेटला उत्साहानं सांगत होतो. वर म्हणालो, “पण जावं की नाही, कळत नाहीये.” त्यानं विचारलं, “का? तू तिथे काय तोडायला चाललायस? नुसतं बघायला काय जातं?”

प्रश्न सरळ होता, पण मला उत्तर देता येईना.

आधी तिथे बघण्यासारखं काय आहे ते सांगतो. खाडीच्या आतल्या टोकाला हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. बर्फाच्या पोटातलं वितळलेलं गोडं पाणी तळाशी बाहेर पडतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे उसळून वर येतं. येताना खोलातले बारीक जीव सोबत आणतं. त्यांच्यावर ताव मारायला किटिवेक नावाच्या कुरवांचे थवे बर्फाच्या भिंतीसमोर घिरट्या घालतात. गावात आर्क्टिक सुरय पक्षी जमिनीवरच घरटी करतात आणि जवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर नेम धरून चोच मारतात, म्हणून लोक डोक्याच्या वर काठी धरून चालतात. आखूड पायांचे रेनडिअर आहेत, ध्रुवीय खोकड आहेत. खाडीतल्या छोट्या बेटांवर आयडर बदकं आणि बार्नकल हंस अंडी घालतात.

याच खाडीत ब्लोमस्ट्रान्ड नावाची जमीन आहे. नावात ‘हाल्वओया’, म्हणजे द्वीपकल्प, असं लिहिलेलं. नकाशे काढले तेव्हा ती हिमनदीनं मुख्य भूमीला जोडलेली होती. हिमनदी मागे हटत गेली आणि 1990 च्या दशकात कळलं की हे तर बेट आहे. नाव अजून जुनंच आहे. आमच्याकडे कोड बदलतो आणि कमेंट तशीच राहते, त्यातला प्रकार.

बर्फ फक्त डोंगरावरूनच हटला असं नाही. पूर्वी हिवाळ्यात खाडीचं पाणी गोठायचं. अटलांटिकचं कोमट पाणी आता आतवर शिरतं आणि 2006 च्या सुमारापासून खाडीचा बराच भाग बहुतेक हिवाळ्यांत उघडाच राहतो. रिंग्ड सील मादी पिल्लांना जन्म देते ती गोठलेल्या समुद्रावर, बर्फाखाली केलेल्या ढोलीत. अस्वल तिची शिकार करतं तेही त्याच बर्फावर. बर्फ लवकर गेला की अस्वलं जमिनीवर येतात, पोहत बेटांवर जातात आणि अंडी खातात. एकदा अस्वल बेटावर उतरलं की थोड्याच दिवसांत बहुतेक घरटी रिकामी होतात.

आता गंमत बघा. गंमत म्हणवत नाही खरं तर. हे हंस हिवाळ्यात स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या मधल्या सोलवे खाडीवर असतात. 1940 च्या दशकात ते जेमतेम 300 उरले होते. शिकारीवर बंदी आली, जागा राखून ठेवल्या आणि आज ते हजारोंच्या घरात आहेत. स्वालबार्डवर अस्वलाच्या शिकारीवर 1973 मध्ये बंदी आली, म्हणून अस्वलंही टिकली. दोघांनाही माणसानं हात मागे घेऊन वाचवलं. आणि आता एक दुसऱ्याची अंडी खातंय, माणसाच्याच उद्योगानं वितळलेल्या बर्फामुळे.

असा एक व्हिडिओ बघताना मी स्क्रीनसमोर चक्क “हाड्!” म्हणालो होतो. त्या बेटावर असतो तर काय केलं असतं? अस्वलाला हुसकावलं असतं? तिथला कायदा अस्वलाला विनाकारण त्रास द्यायला मनाई करतो. अभ्यासक लांबून दुर्बिणीतून बघतात आणि किती घरटी गेली ते लिहून ठेवतात. निसर्गात ढवळाढवळ करायची नाही, हा नियम.

पण ढवळाढवळ तर झालेलीच आहे. तिथे पाऊल न ठेवता झाली आहे. मग “आम्ही मध्ये पडत नाही” म्हणणं ही नीती की पळवाट?

मला वाटतं, त्या बेटावर मध्ये न पडणंच बरोबर आहे. रिपोर्टमध्ये आकडा चुकीचा दिसतोय म्हणून थेट स्क्रीनवरचा आकडा बदलणाऱ्याला आम्ही इंजिनिअर मानत नाही. अस्वलाला हुसकावणं हे तेच. चूक वर कुठेतरी आहे, तिथे जाऊन दुरुस्त करायला हवी. पण इथेच माझ्या धंद्यातलं दुसरं एक वाक्य आठवतं, जे मी स्वतः मीटिंगमध्ये अनेकदा वापरलंय: “हा बग माझ्या मॉड्यूलमध्ये नाही.” बर्फ वितळण्यात माझा वाटा किती? जवळजवळ शून्य. मी गेलो नाही तर एकही अंडं वाचणार नाही. मग न जाण्याला अर्थ काय?

उत्तर मला त्याच गावात सापडलं. तिथे दोन प्रकारची यंत्रं आहेत. एक, त्या अँटेना. त्यांना एका माणसाचा एक फोनही त्रास देऊ शकतो, म्हणून तिथे “माझ्या एकट्यानं काय होतंय” हे वाक्य चालत नाही. दुसरं ठिकाण गावामागच्या झेपेलिन डोंगरावर, 475 मीटर उंचीवर. तिथली वेधशाळा हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजते. तिच्या आकड्यात तुमचा धूर आहे, माझाही आहे, पण तो वेगळा काढता येत नाही. फोनचा त्रास दिसतो, म्हणून आपण निमूट ऐकतो. धुराचा वाटा दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं समजतो. दिसत नाही आणि नाही, यांत फरक आहे, हे खरं तर फोन वापरणाऱ्या माणसाला सांगायला नको.

रूममेटला हे सांगितलं तर तो म्हणाला, “पण कुणी बघितलंच नसतं तर तुला हंस आणि अस्वल कळले असते का? बघितल्याशिवाय माया कशी लागणार?” यात तथ्य आहे. कुणीतरी जायला हवं. पण जो जातो त्यानं स्वतःला विचारावं, की माझ्या बघण्यानं त्या जागेला काय मिळणार आहे. घरटी मोजणाऱ्याकडे उत्तर आहे. हिमाद्रीत काम करणाऱ्याकडे आहे. माझ्याकडे नव्हतं. माझ्याकडे फोटो असले असते.

म्हणून मी गेलो नाही. यात मोठेपणा काही नाही, कारण न गेलेली सहल सोडायला सोपी असते. अवघड गोष्ट नंतर आली. ऑफिसनं दोन तासांच्या डेमोसाठी पुण्याहून दिल्लीला जायला सांगितलं. मी मेल केला, ऑनलाइन करूया का? उत्तर आलं, “या वेळी ये, पुढच्या वेळी बघू.” अप्रेझल तोंडावर होतं. मी गेलो. विमानात बसलो, फोन फ्लाइट मोडवर टाकला आणि मला तिकडची ती माणसं आठवली.

परत आल्यावर ‘स्वालबार्ड’ टॅब उघडला. पैशांच्या रकान्याशेजारी नवा रकाना केला आणि त्यात या वर्षीचे विमानप्रवास एकेक करून लिहिले. सात झाले. त्यांतले चार टाळता आले असते. झेपेलिनवरच्या यंत्राला ते चार वेगळे दिसणार नाहीत. मला दिसतात. पुढच्या वेळी मेल करताना हा आकडा त्यात लिहिणार आहे.