जीर्णोद्धार आणि जुने कर्नेल

दोष काढल्यावर वस्तू तीच राहते, की तिच्या नावाने दुसरीच उभी राहते? जीर्णोद्धाराचा हा मूळ प्रश्न आहे आणि मालवण किनाऱ्यावर तो पुस्तकी नाही. देवळाच्या कामाला हात लावण्याआधी गाव देवाचा कौल घेते. गुरव गाऱ्हाणे घालतो आणि पाषाणाला लावलेले कळे उजवीकडचे पडतात की डावीकडचे, यावर काम ठरते. मूर्ती भंगली असेल तर तिच्यातले देवत्व कलशात घेतात, भंगलेली मूर्ती पाण्यात सोडतात आणि नव्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करतात. नवी मूर्ती त्याच मापाची, त्याच द्रव्याची असावी, असे अग्निपुराण सांगते. दगड नवा असतो. देव मात्र तोच मानला जातो. सिंधुदुर्गावरचे शिवराजेश्वर मंदिर राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधले, सभामंडप पुढे कोल्हापूरकर छत्रपतींच्या काळात आला. त्यामुळे देऊळ दुसरे झाले, असे कोणी म्हणत नाही.

लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, जुन्या आवृत्त्यांबाबत हाच प्रश्न रोज सोडवावा लागतो. ‘डर्टी काऊ’ हा दोष ऑक्टोबर २०१६ मध्ये उघड झाला. तो २००७ च्या २.६.२२ पासून होता. फक्त वाचण्यासाठी दिलेल्या मेमरीच्या पानावर कोणी लिहू लागले, तर कर्नेलने त्याला वेगळी प्रत काढून द्यायची असते. प्रत काढल्यावर कोड ‘लिहायचे आहे’ ही खूण पुसून टाकत असे. नेमक्या त्या क्षणी दुसऱ्या धाग्याने (थ्रेडने) ती प्रत टाकून दिली, की लेखन मूळ पानावर होई आणि साधा वापरकर्ता यंत्राचा धनी बनू शके. दुरुस्तीने ती खूण राखली आणि ‘प्रत काढून झाली’ अशी दुसरी खूण जोडली.

४.८.३, ४.७.९ आणि ४.४.२६ या आवृत्त्यांत ही दुरुस्ती लगेच आली. ३.१० सारख्या जुन्या आवृत्तीत मात्र पॅच जसाच्या तसा बसत नव्हता, कारण तिथे तो कोड वेगळ्या फायलीत होता. ओळी हलवाव्या लागल्या, हेतू तोच ठेवावा लागला. दुरुस्ती अशी जुन्या आवृत्तीत नेण्याचे, म्हणजे बॅकपोर्टचे, नियमही अग्निपुराणाइतकेच कडक आहेत: दुरुस्ती आधी मुख्य कर्नेलमध्ये आलेली असावी, शंभर ओळींपेक्षा मोठी नसावी, खरा दोष काढणारी असावी. नव्या सोयी या वाटेने आत येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. जुनी आवृत्ती वापरणाऱ्याने तिच्यावर आपले काम सोपवलेले असते. त्याचे प्रोग्रॅम कालच्यासारखे चालले पाहिजेत. आवृत्तीचे ‘तीच’ असणे अक्षरांत नसून या वचनात आहे.

एकदा दुरुस्त केले म्हणजे कर्तव्य संपत नाही. याच दुरुस्तीत मोठ्या आकाराच्या पानांबाबत उणीव राहिली होती; ती नोव्हेंबर २०१७ मध्ये सापडली आणि पुन्हा पॅच द्यावा लागला. म्हणून आवृत्ती किती जुनी, यापेक्षा तिला सांभाळणारे कोणी आहे का, हे महत्त्वाचे. २०१२ च्या ३.२ या आवृत्तीची देखभाल २०१८ मध्ये थांबली. ती अजून चालवणाऱ्यांनी ती आता सोडावी.