रोज जाणारं माणूस

महाराष्ट्राच्या आरोग्याच्या आकड्यांत एक विसंगती आहे. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास होतं. २०१९-२१ च्या पाहणीत ते जवळपास ९५ टक्क्यांवर गेलं. दीड दशकात मारलेली ही मजल थोडीथोडकी नाही. पण त्याच ताज्या पाहणीत पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, आणि २०१५-१६ मध्येही हा आकडा ३४ च्या घरातच होता. सुरक्षित जन्मलेलं मूल पुढे नीट वाढत नाही, असा याचा सरळ अर्थ.

बाळंतपण एका दिवसाचं काम आहे. गाडी पाठवायची, खाट द्यायची, खात्यात पैसे जमा करायचे. असं काम सरकारला जमतं, आणि ते जमलं हे मोकळेपणाने म्हणायला हवं. मुलाची वाढ मात्र गरोदरपणापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत हजारेक दिवस रोज थोडीथोडी होते किंवा खुंटते. तिथे कुणीतरी घरी जावं लागतं, सासूशी बोलावं लागतं, पुन्हा जावं लागतं.

शाळेचंही तेच. पटावर नाव नसलेलं मूल आता गावात सहसा सापडत नाही. पण मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण महाराष्ट्रातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा धडा वाचू शकणारी निम्म्याहून थोडीच अधिक होती. कोरोनाची दोन वर्षं त्यात आहेत, हे खरं. तरी शाळेत प्रवेश एका दिवसात मिळतो आणि वाचन रोज शिकवल्याशिवाय येत नाही, हा फरक कोरोनाच्या आधीही होता.

रोज जाणारं माणूस कसं तयार करायचं, हे या राज्याला बाहेरून शिकायची गरज नव्हती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. दुष्काळी तालुका, डॉक्टर तिथे टिकत नव्हते. गावागावांतून त्यांनी बायका निवडल्या. त्यांतल्या बऱ्याच निरक्षर होत्या, काही दलित वस्तीतल्या. गरोदर बाईची तपासणी कशी करायची, हगवण लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, हे त्या शिकल्या. पुढे जगभरातले लोक जामखेड पाहायला आले. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण पाहुण्यांच्या नजरेतून बहुधा एक गोष्ट निसटली असावी. या बायका नियमाने जामखेडला येत, एकत्र राहत, आपल्या गावातल्या अडचणी सांगत आणि नवं शिकून परत जात. ते शिक्षण संपतच नव्हतं. आरोग्याचा प्रकल्प म्हणून ज्याची ख्याती झाली, ती मुळात प्रौढ बायकांची शाळा होती.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने हेच आणखी काटेकोरपणे केलं. ३९ गावांत आरोग्यदूत बायका नवजात बाळाच्या घरी जात, वजन घेत, जंतुसंसर्ग ओळखत आणि गरज पडली तर इंजेक्शनही देत. गावातल्या बाईच्या हातात सुई, यावर तेव्हा भल्याभल्यांच्या भुवया उंचावल्या. पण तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होते. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापलं. तिथेही दर पंधरवड्याला डॉक्टर गावात जाऊन प्रत्येकीचं काम पाहत असे.

मग सरकारने हे उचललं. २००५ मध्ये ‘आशा’ ही गावपातळीवरची आरोग्य कार्यकर्ती आली, साधारण हजार लोकवस्तीमागे एक. २०११ मध्ये नवजात बाळाच्या गृहभेटींची राष्ट्रीय योजना आली: दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ४२ दिवसांत सहा भेटी, आणि त्या पुऱ्या केल्या की आशाला २५० रुपये. माझा आक्षेप इथे आहे. जामखेड-गडचिरोलीकडून आपण गावातली बाई घेतली, तिचा स्वस्तपणा घेतला. तिच्या पाठीशी असलेली शाळा आणि पंधरवड्याला येणारा डॉक्टर मात्र तिथेच ठेवून आलो. पाठीशी आता ॲप आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. फोन नादुरुस्त, आणि पोषणाची नोंद करायचं ॲप इंग्रजीत. मेळघाटातल्या सेविकेने इंग्रजीत नोंदी कराव्यात, हे सुचणाऱ्या अधिकाऱ्याने एकदा तिच्या जागी बसून कोरकू बोलणाऱ्या आईला वाढीचा तक्ता समजावून पाहावा.

स्थानिक संस्थेत ती सेवा होती, म्हणून मोबदला थोडा चालत होता, असं कुणी म्हणेल. पण संस्थेत बाई स्वतः वाढत होती. सरकारी यंत्रणेत तिच्या वाट्याला वाढतात त्या नोंदवह्या. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरायलाही एप्रिल २०२२ उजाडला, आणि तेही सर्वोच्च न्यायालयात, गुजरातमधल्या सेविकांच्या खटल्यात.

सगळ्यांना कायम केलं की काम होईल, असं मला वाटत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर कायमच असतो, फक्त संध्याकाळी तालुक्याच्या गावी असतो. पगार हवाच, पण पगाराने माणूस हजर होतो, शहाणा होत नाही.

शाळांच्या बाजूला असं शिकत राहण्याची सोय कागदावर केव्हाच झालेली आहे. राज्यात १९९० च्या दशकापासून दहाएक शाळांचं एक केंद्र, त्याला एक केंद्रप्रमुख, आणि शिक्षकांनी ठरावीक काळाने एकत्र बसायचं, अशी शिक्षण परिषदेची रीत आहे. जामखेडच्या बैठकीची ही जवळची बहीण. शिक्षणसेवक नावाचा तरुण २००० पासून मानधनावर वर्गात उभा राहतो (२०२३ पर्यंत प्राथमिकला महिना ६,००० रुपये, मग १६,०००). त्याला खरी गरज होती ती याच बैठकीची. पण केंद्रप्रमुखांच्या जागा रिकाम्या पडत गेल्या. त्यांचा प्रभार एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाकडे, म्हणजे त्याचा स्वतःचा वर्ग वाऱ्यावर. आणि केंद्राचं काम व्हॉट्सॲपवर ‘तातडीची माहिती’ गोळा करण्यापुरतं उरलं. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा खर्चाचा आणि बसचा हिशोब मांडला गेला. पाड्यावरच्या अकरा मुलांचे आईबाप ज्याला नावाने ओळखतात, तो शिक्षक हलवला तर त्या घरांत मग कोण जाणार, हा रकाना त्या हिशोबात नव्हता.