दुधाच्या बिलातून दवाखाना

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर संध्याकाळी अर्धा तास बसावं. चंदगड-आजऱ्याहून सकाळच्या एसटीनं निघालेली माणसं तिथं भेटतात, सिंधुदुर्गातली भेटतात, निपाणी-चिकोडीकडची भेटतात. हातात मेडिकलची प्लास्टिकची पिशवी. तिच्यात दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, लॅबचे रिपोर्ट, घडी पडून चिरलेलं एक्स-रेचं पाकीट. नंबर लागतो, माणूस आत जातो आणि पाच मिनिटांत बाहेर येतो. बाहेर आल्यावर तो फीबद्दल बोलेलच असं नाही. पण एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘डॉक्टरांनी हातसुद्धा लावला नाही.’

ही तक्रार मला फार महत्त्वाची वाटते. माणूस चार तास प्रवास करून येतो तो आपलं कुणीतरी नीट ऐकून घ्यावं म्हणून. कधीपासून दुखतंय, घरात काय चाललंय, मागच्या गोळ्यांनी काय झालं, हे सांगायला त्याला वेळ हवा असतो. तो वेळ मिळत नाही, मग तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, तिथं तपासण्या पुन्हा होतात आणि पिशवी जाड होत जाते.

याचा दोष एकेका डॉक्टरवर टाकून सुटका होणार नाही. गाळ्याचं भाडं, मशिनचं कर्ज, शिक्षणावर ओतलेला पैसा हे सगळं रोजच्या नंबरांतूनच निघायचं असेल, तर नंबर वाढवावे लागतात आणि मिनिटं कमी करावी लागतात. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी 2016 साली ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ या पुस्तकात डॉक्टरांच्याच तोंडून कट प्रॅक्टिस आणि नको त्या तपासण्यांची हकीकत मांडली. बोलणारे डॉक्टर स्वतःही या व्यवस्थेनं घुसमटलेले होते.

आणि सरकार? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेनं आणि 2018 पासूनच्या आयुष्मान भारतच्या विमा योजनेनं गरिबांची मोठी ऑपरेशनं झाली, हे मान्यच केलं पाहिजे. पण या योजना माणूस दवाखान्यात अॅडमिट झाल्यावर सुरू होतात. ताप, खोकला, बीपीची रोजची गोळी, साखरेची तपासणी हे ज्याचं त्यानं बघायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आणि औषधं दोन्ही एका वेळी सापडली तर ठीक. 2021-22 च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला 39.4 टक्के खर्च लोक थेट खिशातून करतात.

बीपीचंच घ्या. राधानगरी तालुक्यातल्या शेतकऱ्याला बीपी निघालं. त्याला काही दुखत नाही. डॉक्टरांकडे जायचं म्हणजे फी, गाडीभाडं आणि रोजगार बुडणार. दुखत नसताना हे कोण करेल? गोळी बंद होते. काही वर्षांनी अर्धांगाचा झटका येतो, मग कोल्हापूरचं सरकारी सीपीआर रुग्णालय किंवा खासगी आयसीयू, आणि घरातलं सोनं गहाण. दर भेटीला पैसे घेणारी व्यवस्था माणसाला ‘दुखेपर्यंत येऊ नकोस’ असंच शिकवते.

यावर अमेरिकेत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सभासदत्वाचे दवाखाने निघाले. महिन्याला ठरावीक वर्गणी भरायची, मग कितीही वेळा जा, फोन करा, वेगळी फी नाही. डॉक्टर हजारोंऐवजी काही शे लोकांचीच जबाबदारी घेतो, म्हणून त्याच्याकडे वेळ असतो. आपण आजारी पडलो नाही तर त्याचं नुकसान होत नाही, उलट काम हलकं होतं. हा उलटलेला हिशेब मला पटतो. पण त्या वाटेवर खड्डेही आहेत. सिएटलमध्ये 2007 साली गाजावाजानं सुरू झालेली क्लियान्स ही कंपनी 2017 साली बंद पडली. काही ठिकाणी तर वर्गणी इतकी चढली की तिथला डॉक्टर श्रीमंतांचा खासगी डॉक्टर झाला. एका डॉक्टरनं थोडेच लोक घेतले तर उरलेल्यांनी कुठं जायचं, या प्रश्नाला तिथं समाधानकारक उत्तर नाही. आपल्या मोठ्या शहरांत अशी पॅकेजेस आली तर त्यांचीही गत तीच होईल.

म्हणून कंपनीपेक्षा सभासदांच्या मालकीची उदाहरणं मला जवळची वाटतात. वेल्समधल्या ट्रेडेगार गावात 1890 साली कामगारांनी मेडिकल एड सोसायटी काढली. पगारातून ठरावीक वाटा कापायचा आणि डॉक्टर सोसायटीनं नेमायचे. त्याच गावच्या अन्यूरिन बेव्हननं मंत्री झाल्यावर 1948 साली ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी केली. आणि आपल्या वर्ध्यात, सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. उल्हास जाजूंनी आसपासच्या गावांत वर्गणी म्हणून ज्वारी घेतली. सुगीत, हातात धान्य असताना. जमीनवाल्यानं जास्त द्यायची, भूमिहीनानं थोडी. गावातल्या बहुसंख्य गरीब घरांनी भाग घेतला तरच ते गाव योजनेत. गावपातळीवर आरोग्यसेवक आणि मोठ्या दुखण्याला सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. माणसाच्या हातात पैसा केव्हा आणि कोणत्या रूपात येतो हे ओळखून केलेली ही आखणी होती.

कोल्हापूर जिल्ह्यात हातात पैसा येतो तो दहा दिवसांच्या दुधाच्या बिलातून. गोकुळ दूध संघ 1963 साली स्थापन झाला आणि आज गावोगाव दूध संस्था आहेत. पशुखाद्याचे पैसे बिलातून वळते होतात आणि ते कुणाला जड वाटत नाहीत. म्हैस आजारी पडली तर संघाचा जनावरांचा डॉक्टर गोठ्यापर्यंत येतो. त्या गोठ्यात पहाटे चारला उठून धार काढणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन मात्र कोणी तपासत नाही. ज्या जिल्ह्यानं जनावरासाठी ही व्यवस्था उभी केली, त्याला माणसासाठी ती अशक्य आहे असं मी मानायला तयार नाही.

हिशेब करून बघू. पाच गावांतली मिळून दीड हजार घरं धरू. प्रत्येक बिलातून पन्नास रुपये, म्हणजे महिन्याला घरामागं दीडशे. जमा होतात सव्वादोन लाख. एवढ्यात एक एमबीबीएस डॉक्टर, एक नर्स, जेनेरिक औषधं आणि साध्या तपासण्या काटकसरीनं बसू शकतात. ऑपरेशनं यात बसणार नाहीत, बसवूही नयेत, त्यासाठी सरकारी योजना आहेतच. इथल्या डॉक्टरनं माणूस ओळखायचा, बीपी-साखरेची वही ठेवायची आणि कोल्हापूरला कधी जायचं, कधी जायची गरज नाही, हे सांगायचं.

दोन गोष्टींवर मात्र तडजोड नको. ज्याच्या दारात म्हैस नाही, त्या शेतमजुराला बाहेर ठेवलं तर ही योजना अर्ध्या गावाची होईल. त्याची वर्गणी संस्थेनं नफ्यातून भरावी. दुसरं, डॉक्टरची नेमणूक चेअरमनच्या पाहुण्यांतून होता कामा नये. कामगार विमा योजनेत कामगाराच्या पगारातून दरमहा वर्गणी कापली जाते, पण दवाखाना कसा चालावा यात त्याला थेट काही म्हणता येत नाही. सभासदाला विचारायचा हक्क नसेल तर पन्नास रुपयांची ती आणखी एक कपातच ठरेल. सहकारात आपण काय काय बिघडवलं हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको.

दिवाळीच्या तोंडावर दूध फरकाची, म्हणजे वर्षाअखेरच्या जादा दराची, रक्कम सभासदांच्या खात्यावर येते. यंदा ती मोजताना आपल्या संस्थेच्या सेक्रेटरीला एक अर्ज द्या. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर माणसांच्या दवाखान्याचा विषय घ्या, एवढंच त्यात लिहा. सही घरातल्या धार काढणाऱ्या बाईचीही असू द्या.