शेजाऱ्याचे मोकाट कुत्रे

शेजारधर्म म्हटला की दुष्काळ, दुखणे, लग्न, मरण असे मोठे प्रसंग आपल्या मनात येतात. अशा प्रसंगी गाव एक होते, आणि वैरीसुद्धा खांदा द्यायला येतो. परंतु शेजाराची खरी पारख रोजच्या लहान गोष्टींत होते. शेजाऱ्याचे कुत्रे दिवसभर मोकळे असते. ते आपल्या अंगणात शिरते, खुराड्याभोवती घुटमळते, वाळत घातलेल्या धान्यातून चालत जाते, आणि शाळेतून येणाऱ्या पोरांवर धावते. त्याचा धनी तर सकाळीच शेतावर गेलेला असतो. अशा वेळी आपण काय करावे? मुकाट्याने सोसावे, दारात जाऊन भांडावे, की कुत्र्याला दगड घालावा? प्रश्न कुत्र्याचा दिसतो खरा. परंतु सहनशीलता कोठे संपते व भित्रेपणा कोठे सुरू होतो, हा प्रश्न त्याच्या पोटात आहे.

प्रथम हे ध्यानात घेऊ की, आपल्या खानदेशात कुत्रे हे चैनीचे जनावर नव्हे. तापीकाठच्या केळीच्या बागांत, गिरणेच्या व पांझरेच्या खोऱ्यांतील शेतांवर ते रानडुकरांवर भुंकते. खळ्यावर रात्रीची राखण करते. सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्तीत बिबट्याची चाहूल पहिल्याने त्यालाच लागते. मेंढपाळाचा तर ते उजवा हातच होय. म्हणून ज्याने कुत्रे पाळले त्याला दोष देण्याचे कारण नाही. पाळले आणि सांभाळले नाही, येथे दोषाला आरंभ होतो.

शेजाऱ्याची शेळी आपल्या कपाशीत शिरली तर काय करावयाचे हे गावात सर्वांस ठाऊक असते. तिला कोंडवाड्याची वाट दाखवितात. 1871 साली गुरांच्या अतिक्रमणाचा जो कायदा झाला त्यात हत्ती, उंट, म्हैस, घोडा, गाढव, डुक्कर, मेंढी व शेळी यांची नावे आहेत. त्या यादीत कुत्रे नाही. ते पीक खात नाही, म्हणून त्याला कोंडवाडा नाही. एका अर्थी कायद्याने कुत्र्याचा तंटा शेजाऱ्यांच्या विवेकावर सोपविला आहे, आणि विवेक निजला म्हणजे दगड, काठी व विष जागे होतात.

मग ह्या जनावराचा धनी कोण? पुष्कळ घरी असे घडते : उरलेली भाकर रोज त्यालाच टाकतात, रात्री ते त्याच ओट्यावर निजते, आणि चोर आला तर त्याने भुंकावे अशी अपेक्षाही असते. परंतु ते कोणास चावले की लगेच उत्तर मिळते, “ते आमचे नाही, गावचे आहे.” हे उत्तर सत्याला धरून नाही. ज्याच्या हातची भाकर खाऊन कुत्रे ज्याची राखण करते, तो त्याचा धनी होय. राखण आपली आणि चावा मात्र गावाचा, हा हिशेब कोणत्याही न्यायात बसत नाही.

जुन्या करारातील निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाविषयी जो नियम आहे, त्याचा विचार येथे उपयोगी पडतो. बैलाने प्रथमच माणसाला मारले तर धनी निर्दोष ठरतो. परंतु बैल मारका आहे हे धन्याला आधी कळविलेले असून त्याने तो बांधला नाही, तर दोष धन्याच्या माथी येतो. म्हणजे सगळा भार एका गोष्टीवर ठेविला आहे : त्याला कळविले होते की नाही? आपल्या देशाच्या कायद्याचा रोखही तोच आहे. 1860 च्या दंडसंहितेचे 289 वे कलम, आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे 291 वे कलम, जनावराला नव्हे तर ते बाळगणाऱ्याला जाब विचारते. आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा जबर दुखापत होण्याचा संभव असता, जो जाणूनबुजून किंवा हयगयीने ते आवरीत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

ह्यावरून आपले पहिले कर्तव्य उघड होते. धन्याला कळविणे हेच ते. त्याच निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात, चुकलेले जनावर वैऱ्याचे असले तरी ते त्याच्याकडे परत नेऊन पोचवावे, अशी आज्ञा आहे. ही आज्ञा जनावराच्या भल्यासाठी आहेच, पण माणसांच्याही भल्यासाठी आहे; कारण जनावर पोचविण्यास गेलेला मनुष्य वैऱ्याच्या दारात उभा राहतो, आणि दारात उभे राहिलेल्यास बोलावेच लागते. शेजाऱ्याचे कुत्रे आपल्या अंगणात आले तर शक्य असेल तेव्हा त्याला त्याच्या घरी न्यावे. त्या वेळी धनी घरी नसेल तर सायंकाळी जावे. “दादा, तुमचे कुत्रे आज आमच्या पोरावर धावले, दिवसा बांधून ठेवा,” एवढेच शांतपणे सांगावे. चारचौघांत, पाणवठ्यावर किंवा पारावर प्रथम बोलू नये. तेथे बोललेला शब्द सूचना राहत नाही, तो अपमान होतो. आणि अपमान झालेला मनुष्य कुत्रे बांधण्याऐवजी कंबर बांधतो.

येथे कोणी म्हणेल, “आपण सोसणारे लोक; एका कुत्र्यासाठी शेजार का बिघडवावा?” ह्या बोलण्यात चांगुलपणा आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. नामदेवांविषयी अशी कथा सांगतात की, कुत्र्याने भाकर पळविली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. कोरडी भाकर त्याने खाऊ नये एवढीच त्यांची चिंता. कथा गोड आहे, आणि तिच्यातील दया खरी आहे. पण ती भाकर नामदेवांची स्वतःची होती. जे आपले आहे ते मनुष्याने खुशाल सोडून द्यावे. सांडलेले धान्य, मळलेले अंगण, मोडलेली झोप, इतकेच काय एखादी कोंबडीसुद्धा आपली असेल तर तिच्यावर पाणी सोडता येते. परंतु आपल्या मुलाचा पाय, वृद्ध सासूचा हात, रस्त्याने जाणाऱ्या परक्याचा जीव ही आपल्या मालकीची वस्तू नव्हे की ती आपण उदारपणे देऊन टाकावी. स्वतःचे नुकसान सोसणे ही क्षमा होय. दुसऱ्यावरील संकट पाहून गप्प बसणे ही क्षमा नव्हे. पुष्कळदा ती केवळ भीड असते, आणि ह्या भिडेची किंमत दुसरा भरतो.

ही किंमत केवढी असू शकते, हे पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरून दिसते. कित्येक घरी चावा लपवितात. मूल बोलत नाही, आई शेजाऱ्याशी तंटा नको म्हणून दाबून टाकते, किंवा मांत्रिकाकडे नेऊन समाधान मानते. जखम भरते आणि गोष्ट विसरली जाते. मग बहुधा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पाण्याचे भय, घशाचे आचके व भ्रम सुरू होतो. एकदा ही लक्षणे दिसली की त्या रोग्याला वाचविणे जवळजवळ अशक्य होते. उलट, लक्षणांपूर्वीच उपाय झाला तर हा मृत्यू टळतो. पॅरिस येथे लुई पाश्चर यांनी 6 जुलै 1885 रोजी पिसाळलेले कुत्रे चावलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाला प्रथम लस टोचली, आणि तो मुलगा जगला. त्या वेळी जे पॅरिसला जाऊन मिळे ते आज तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मागता येते. म्हणून चावा झाल्याबरोबर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर तिखट, चुना किंवा हळद भरू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. आणि डॉक्टर सांगतील तितक्या सर्व सुया ठरलेल्या दिवशी घ्याव्यात. चावणाऱ्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी लागते. पण त्यासाठी उपचार थांबवू नये. नजर ठेवावयाची तर कुत्रे कोणाचे हे सांगावेच लागते. अशा वेळी शेजाऱ्याचे नाव सांगणे ही चहाडी नव्हे. त्याच्याही घरात मुले आहेत, आणि तेच कुत्रे त्यांच्यात निजते.

आता दुसऱ्या टोकाचा विचार करू. काही लोक धन्याशी बोलावयास धजत नाहीत, पण कुत्र्यावर हात उगारण्यास त्यांना भय वाटत नाही. फवारणीचे औषध भाकरीत कालवून ती कुंपणाजवळ टाकतात. ती भाकर कोण खाईल हे टाकणाऱ्याच्या हाती राहत नाही; मांजर खाईल, कावळा खाईल, रांगते मूलही उचलील. जनावराला विष घालून मारणे हा न्याय संहितेच्या 325 व्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे, आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा नसता तरी ते कृत्य नीच ठरले असते. कारण ज्याच्याकडून चूक झाली त्याच्यासमोर आपण उभे राहिलो नाही, आणि ज्याला चूक कळत नाही त्याचा जीव घेतला.

1832 साली मुंबईत जे घडले ते ह्याचे मोठे उदाहरण आहे. शहरातील मोकाट कुत्री नाहीशी करावीत म्हणून मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस ठेवले होते. पैशाच्या लोभाने मारणारे लोक घरांच्या आवारांत शिरून पाळलेली कुत्रीही ओढून मारू लागले. पारशी लोकांत कुत्र्याला धर्मदृष्ट्या मान आहे. 6 जून रोजी त्यांचा संताप उसळला. दंगा झाला, दुकाने बंद पडली, आणि शेवटी लष्कर आणावे लागले. रोगाचे भय खोटे नव्हते. परंतु धन्याशी बोलण्याऐवजी कुत्र्याच्या डोक्यावर मोल लावले, म्हणून एका उपद्रवाचे दोन उपद्रव झाले.

अजून एक अवघड गोष्ट आहे, ती झाकून चालणार नाही. सर्वच शेजारी सारखे नसतात. कुत्रे मोठ्या शेतकऱ्याचे, आणि चावा सालदाराच्या पोराला. आखाजीला ज्याच्या घरी आपले साल ठरावयाचे, त्याच्या दारात जाऊन सालदार कोणत्या तोंडाने बोलेल? अशा मनुष्याला “सांग आणि मोकळा हो” एवढा उपदेश करणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात दोष दाखविण्याचा जो क्रम आहे, आधी एकट्याने, मग एकदोघांस सोबत घेऊन, त्यातील दुसरी पायरी दुबळ्यासाठी पहिली करावी. मंडळीच्या वडिलाने किंवा उपदेशकाने त्याच्याबरोबर जावे आणि बोलण्याचा भार स्वतःवर घ्यावा. तेवढ्यानेही भागले नाही तर ग्रामपंचायतीकडे व पोलीस पाटलाकडे जाण्यात लाज नाही.

ज्यांच्या घरी कुत्रे आहे त्यांनीही आपले कर्तव्य ओळखावे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला पिसाळण्याविरुद्ध लस टोचून घ्यावी, आणि पुढे दरवर्षी टोचावी. मुलांच्या जाण्यायेण्याच्या वेळी ते बांधावे, पण दिवसभर उन्हात उपाशी बांधून त्याला अधिक क्रूर करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, कोणी तक्रार घेऊन आला तर त्याचे येणे महाग करू नये. “आजवर कोणाला चावले नाही,” हे वाक्य प्रत्येक धनी पहिल्या चाव्यापूर्वी म्हणू शकतो. गरीब शेजारी धीर करून दारात आला, तर त्याला बसावयास द्यावे, पाणी द्यावे व त्याचे ऐकून घ्यावे. त्याने आपल्याला दोषापासून वाचविले आहे.

कुंपणाची छिद्रे बुजवा, खुराडे झाका, खरकटे अंगणात टाकू नका. हे आपले अर्धे काम आहे. उरलेले अर्धे शेजाऱ्याच्या दारात आहे. कुत्र्याला बांध कळत नाही आणि सातबारा वाचता येत नाही. त्या मुक्या जनावराच्या निमित्ताने दोन घरांनी एकमेकांशी खरे व सौम्यपणे बोलावे, हे मात्र माणसांनाच करता येते.