मचूळ

बसा. जिथे असाल तिथेच. पाठ टेकवा, पाय सैल सोडा. शेजारी आपलं माणूस असेल तर त्यालाही बसवा. नसेल तर शेजारची जागा मोकळी असू द्या.

मला तुम्हाला एका रस्त्यावर न्यायचं आहे. रेवसपासून रेडीपर्यंत, कोकणच्या किनाऱ्याला धरून जाणारा हा रस्ता. खाडी आली की तो पाण्याशी येऊन थांबतो आणि पलीकडच्या धक्क्यावरून पुन्हा सुरू होतो. मधलं अंतर फेरीबोटीचं. इथली माणसं तिला जंगल जेट्टी म्हणतात. बोट यायच्या आधी पोचलात तरी थांबायचं, नंतर पोचलात तरी थांबायचं. हे मनन त्या थांबण्याचं आहे.

एक श्वास घ्या. ओठांवरून जीभ फिरवा. किनाऱ्याच्या गाडीत काच खाली असली की ओठ खारट होतात, ती चव आठवून पाहा.

आम्ही दोघं मार्गशीर्षात निघालो होतो. भातं कापून झाली होती, सड्यावरचं गवत सोनेरी पडलं होतं. श्रीवर्धन सोडताना आमचं वाजलं. विषय जुनाच, गावचं घर ठेवायचं की विकायचं. पंधरा मिनिटांत दोघंही गप्प झालो. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात गप्प बसण्याचेही प्रकार कळायला लागतात. हा त्यातला जड प्रकार होता.

हरिहरेश्वरला आम्ही प्रदक्षिणेला उतरलो. देवळामागून वर चढून कातळाच्या खिंडीतल्या पायऱ्यांनी खाली समुद्राशी यायचं. ही वाट ओहोटीतच पायाखाली असते. भरतीला तिथे जायचं नाही, आणि यात धाडस दाखवायचं नाही. तो दिवस नवमीचा. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे नवमीला पावणेसात. अकरा वाजता पाणी उतरत होतं, वाट मोकळी होती.

तिथल्या खडकावर हात ठेवा. मनानेच ठेवा, पण सावकाश. खडकाला मधाच्या पोळ्यासारखी घरं पडली आहेत. कुठे बोट जाईल एवढी, कुठे मूठ. लाट येते, खडक भिजवते. ऊन पडतं, पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. बारीक छिद्रांतून त्या मिठाचे स्फटिक वाढतात आणि आतून कण कण सुटा करतात. लाटांच्या तडाख्याने पडलेली ही घरं नव्हेत. ती पडली आहेत वाळून आत राहिलेल्या मिठाने.

इथे थोडं थांबा. तुमच्या घरात काय वाळून राहिलं आहे? कोणत्या दिवसाचं, कोणत्या वाक्याचं? उत्तर शोधू नका. नुसता हात ठेवून राहा.

मग बागमांडला. धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट नुकतीच सुटली होती. समोर सावित्रीची रुंद खाडी, पलीकडे वेशवी, उजवीकडे मुखाशी बाणकोटचा किल्ला. गाडी बंद केल्यावर इंजिन गार होताना टिकटिक वाजत राहतं. तेवढाच आवाज. आम्ही उतरलो, पण वेगवेगळ्या दारांनी उतरून वेगवेगळ्या टोकांना उभे राहिलो.

ही सावित्री महाबळेश्वरची. कृष्णाही तिथलीच. पण कृष्णा पूर्वेला जाते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री घाट उतरून शंभरेक किलोमीटरांत अरबी समुद्राला येते. कथा अशी सांगतात की ब्रह्मदेवाच्या यज्ञाला सावित्रीला यायला उशीर झाला. मुहूर्त टळू नये म्हणून तिच्या जागी गायत्रीला बसवलं. ती आली, तिने पाहिलं, आणि तिच्या शापाने देवांच्याच नद्या झाल्या. विष्णूची कृष्णा झाली, शंकराची वेण्णा, ब्रह्मदेवाची कोयना. ती स्वतःही नदी झाली आणि पश्चिमेला निघाली. रागावून निघालेली बाई मला लहानपणापासून या कथेत दिसते. पण ती समुद्राला मिळते तेव्हा काय होतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

आता तुम्हीही पाहा. नजर पाण्यावर ठेवा.

एक रिकामं शहाळं वाहत होतं. वरचा काप उघडा, आत थोडं पाणी, एका बाजूला कललेलं. ते समुद्राकडे चाललं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे बघायचं नव्हतं. हळूहळू त्याची चाल मंदावली. मग ते थांबलं. एकाच जागी, जरासं स्वतःभोवती फिरत. वाराही नव्हता. धक्क्यावरचं कोणी बोलत नव्हतं, की मलाच ऐकू येत नव्हतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग शहाळं आत, नदीकडे सरकायला लागलं.

धक्क्यावरचा एक माणूस दोर गुंडाळत म्हणाला, "भरती लागली."

तुमच्या श्वासातही ही जागा आहे. बाहेर सोडलेला श्वास संपतो आणि आत घ्यायचा सुरू होत नाही, ती. तिथे जा. ओढून धरू नका. भरती आपण आणायची नसते.

आता जरा खोल उतरा, पाण्याच्या आत. समुद्राचं खारं पाणी जड, म्हणून ते तळाने आत शिरतं. नदीचं गोडं पाणी हलकं, ते वरून बाहेर पडतं. पावसाळ्यात नदीला जोर असतो, ती खाऱ्याला मुखापर्यंत रेटते. उन्हाळ्यात नदी रोडावते आणि खारं पाणी कितीतरी आत चढतं. जिथे दोन्ही मिसळतं त्या पाण्याला आपण मचूळ म्हणतो. विहिरीचं पाणी मचूळ निघालं की तोंड वाकडं करतो. पण कोळंबीची पिल्लं वाढायला याच पाण्यात येतात. चिंबोऱ्या इथल्या, कालवं इथली. तिवरं इथेच उभी राहतात. तिवराचं पान जिभेला लावलंत तर खारट लागेल, झाड नको तेवढं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. चिखलातून बोटांसारखी वर आलेली त्याची मुळं बघा, शेकड्यांनी. त्या चिखलात हवा नाही, म्हणून झाड मुळंच वर काढतं आणि ओहोटीत त्यांनी श्वास घेतं. भरतीला ती पुन्हा बुडतात.

त्या मुळांबरोबर चार श्वास घ्या.

खाडीच्या पाण्यात ओंजळ घालून यातलं सावित्रीचं किती आणि समुद्राचं किती असं विचारता येत नाही. आम्ही मात्र अठ्ठावीस वर्षं तेच विचारत आलो होतो. घर कोणाचं, निर्णय कोणाचा, सोसलं कोणी जास्त. मी वळून पाहिलं. हे धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला उभे होते, आणि त्यांचीही नजर त्या शहाळ्यावरच होती.

बोट आली. झडप खाली आली, साखळ्या खणखणल्या, आधी दुचाक्या चढल्या, मग आम्ही. हँडब्रेक ओढताना हे म्हणाले, "थांबलं होतं बघ मघाशी." मी म्हटलं, "हो."

तिथून पुढचं भराभर सांगते. वेळास, जिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. केळशी, आंजर्ले, हर्णै आणि समोर पाण्यातला सुवर्णदुर्ग. एका वळणावर समुद्र हाताशी, दुसऱ्या वळणावर नुसती माडा-पोफळीची सावली. तुम्ही खिडकीबाहेर बघत राहा, बोलायची गरज नाही. हा गप्पपणा हलका होता.

या खाड्यांवर आता पूल व्हायचे आहेत. व्हायला हवेत. रात्री बाळंतिणीला घेऊन निघालेल्या माणसाला बोटीची वाट पाहायला लागू नये, यापुढे माझ्या हळहळीची किंमत शून्य आहे. पण पूल झाला तरी कधीतरी गाडी बाजूला घ्या आणि जुन्या धक्क्यावर उतरून या. दोघंही उतरा.

संध्याकाळी आम्ही दाभोळला पोचलो. वाशिष्ठीची खाडी. पावणेसातला थोडा अवकाश होता. धक्क्याच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या. पलीकडे धोपाव्याला दिवे लागत होते. बोट तिकडेच होती.

शेवटच्या कोरड्या पायरीवर आम्ही बसलो. तुम्हीही बसा, जागा आहे. पाणी वर येत होतं, एकेका बोटाने. यांनी चपला काढून मागे ठेवल्या, मग माझ्याही उचलून वर ठेवल्या.

"घराचं काय करायचं?" मी विचारलं.

"बोट येऊ दे," हे म्हणाले.

पाणी पायाला लागलं. कोमट होतं.